आजी, तुमच्या नावावर काय होतं?

(नौपाड्यात बायकांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



घरातली वडीलधारी बाई गेली की आपण काय बोलतो? ‘फार सोसलं हो त्यांनी. सगळ्यांचं केलं, कधी तक्रार नाही.’ चार वाक्यांत ऐंशी वर्षं संपतात. पुरुष गेला की त्याची नोकरी, त्यानं बांधलेलं घर, त्याचे निर्णय आठवतात. बाईचे गुण आठवतात. काम आठवत नाही. म्हणून आज मी अशा एका दीर्घायुषी बाईविषयी बोलणार आहे, जिनं स्वतःची हकीकत स्वतः सांगितली.

कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी आपल्या परिचयाच्या आहेत. 1887 मध्ये, बाविसावं वर्ष पुरं होण्याआधीच त्या गेल्या. त्यांच्याच पिढीतली दुसरी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, 1950 पर्यंत जगली. पहिलीवर चरित्रं झाली, नाटक-सिनेमे झाले. दुसरी मात्र बहुतेकांना महर्षींची पत्नी म्हणूनच ठाऊक आहे.

बाया म्हणजे देवरुखकडची गोदू जोशी. लहानपणीच लग्न आणि थोड्याच दिवसांत वैधव्य. पुढची कितीतरी वर्षं सासरच्या घरात राबण्यात गेली. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं, तेव्हा गोदू तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी झाली. बरोबर चार वर्षांनी, 11 मार्च 1893 ला, पुण्यात धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. त्याच 1893 साली आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. एकीकडे नवं वाचन येत होतं, आणि तिकडे कर्व्यांच्या मुरुड गावानं या जोडप्यावर बहिष्कार घातला होता.

1896 मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे तो हिंगण्याला गेला. फर्ग्युसनमधलं शिकवणं आटोपून कर्वे तिथं पायी जात. मग घर, मुलं, आलंगेलं कोणी पाहायचं? बायांनी. शिवाय आश्रमासाठी वर्गणी मागत त्या फिरल्या. कर्व्यांनी आपली विम्याची पॉलिसीसुद्धा संस्थेला देऊन टाकली. जगानं या त्यागाचं कौतुक केलं. पण उद्या काही बरंवाईट झालं तर मुलांना घेऊन उभं कुणी राहायचं होतं? बायांचा राग समजून घ्यायला आपल्याला काही कठीण जाऊ नये. त्याग एकाच्या नावावर जमा होतो, त्याची किंमत दुसरीच्या संसारातून वजा होते.

हे आपल्याला कळतं कशामुळे? ‘माझे पुराण’ या बायांच्या आत्मकथेमुळे. कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ 1915 साली आलं होतं, बायांचं पुस्तक यायला 1944 उजाडलं. त्याचं संपादन केलं त्यांच्या सुनेनं, कावेरी कर्वे यांनी. सासू-सुनेच्या भांडणाच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. सुनेनं सासूचं आयुष्य कागदावर टिकवल्याची ही गोष्टही सांगायला हवी.

आणि असं कुणी मिळत नाही तेव्हा? फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी घरच्यांपासून वह्या लपवत वर्षानुवर्षं लिहिलं, तेव्हा ‘जिणं आमुचं’ आपल्या हाती आलं. बायांना शिकलेला भाऊ होता, सदन होतं. दलित बाईला लिहिण्यासाठी जातीशीही झगडावं लागलं आणि घरातही चोरून लिहावं लागलं. आपल्या चेंदणी कोळीवाड्यात टोपली घेऊन बाजाराला गेलेल्या, त्यावर घर चालवलेल्या आज्या आहेत. त्यांचं पुराण कोण लिहिणार?

आठवणी हा केवळ जिव्हाळ्याचा विषय नाही. नौपाड्यात जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. अशा वेळी घरोघरी कागद पुढे येतात. ‘आई, इथं सही कर’ म्हणून हक्कसोडपत्र ठेवलं जातं आणि आई वाचल्याशिवाय सही करते. नवरा मृत्युपत्र न करता गेला असेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याच्या मालमत्तेत विधवेला मुलामुलींइतकाच वाटा आहे. मुलगा आईच्या आधी वारला, तर त्याच्या मालमत्तेत आईचाही वाटा असतो. हा वाटा कुणी मेहेरबानी म्हणून देत नाही. तो तिच्या पूर्ण मालकीचा असतो. ‘आईला काय करायचंय या वयात?’ असं ज्या घरात म्हटलं जातं, तिथं तिच्या कष्टांची आठवणही पुसली गेलेली असते.

म्हणून माझी एक सूचना आहे. प्रत्येकीनं आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईजवळ बसावं. पाककृती विचाराव्यात, ओव्या विचाराव्यात, पण तेवढ्यावर थांबू नये. शाळा का सुटली? बाळंतपणं किती, जगली किती? हातात पैसे पहिल्यांदा कधी आले? दागिने कुणासाठी मोडले? घराच्या कागदावर नाव कुणाचं? राग कशाचा आला होता? ती बोलेल तसं, तिच्याच भाषेत उतरवून घ्या. ती आगरी बोलली तर आगरीत लिहा. तिला वाचून दाखवा. ती ‘हे नको’ म्हणाली तर खोडा. गोष्ट तिची आहे.

आणि हे ती असताना करा. गेल्यावर आपण तिला देवी करतो, आणि देवीला कुणी हिशेब विचारत नाही.