गांडुळाचा झाला साहेब

आज तुम्हाला एक चित्र दाखवायचं आहे. रेडिओवरून चित्र दाखवायला निघणं हा तसा आगाऊपणाच, पण हे चित्र ऐकण्यासारखंही आहे.

लंडनचं ‘पंच’ हे विनोदी साप्ताहिक. त्याचा १८८२ सालचा वार्षिक अंक आदल्या डिसेंबरातच निघाला. त्यात लिनली सॅमबोर्न या चित्रकाराने काढलेलं हे चित्र. सृष्टीच्या आरंभीचा सगळा गोंधळ, आणि त्यातून एक गांडूळ वळवळत बाहेर येतं. पुढे सरकता सरकता त्याला हातपाय फुटतात, त्याचं माकड होतं, माकडाचा रानटी माणूस होतो, आणि फेरा पुरा होताना उभा राहतो उंच हॅट घेतलेला ऐटबाज साहेब! तो अदबीने अभिवादन करतो ते मधे बसलेल्या दाढीवाल्या म्हातारबुवांना. हे म्हातारबुवा म्हणजे चार्ल्स डार्विन.

आता यात गांडूळ कुठून आलं? त्या डिसेंबरच्या आधीच्याच ऑक्टोबरात डार्विनचं गांडुळांवरचं पुस्तक बाहेर पडलं होतं. हा नाद जुना, १८३७ पासूनचा. केंट परगण्यातल्या डाउन गावी, राहत्या घरात, मातीच्या कुंड्यांत गांडुळं पाळलेली. त्यांना ऐकू येतं का, हे पाहायला घरच्यांनी शिट्टी फुंकली, ‘बसून’ नावाचं फुंकवाद्य वाजवलं, पियानो वाजवला. गांडुळं ढिम्म. मग दोन गांडुळांच्या कुंड्या उचलून पियानोवरच ठेवल्या आणि खर्जातली एक पट्टी दाबली, तर दोन्ही गांडुळं झटकन बिळात! आवाज नाही, पण हादरा कळतो. शिवाय कित्येक ठिकाणी एकरी दहा टनांहून जास्त माती दरसाल त्यांच्या पोटातून जाते, हेही डार्विननी मांडलं. आपल्याकडे गांडूळखत करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे पुस्तक मातीचं. माणूस गांडुळापासून झाला, असं त्यात कुठेही नाही. माणसाच्या पूर्वजांची चर्चा १८७१ च्या वेगळ्या ग्रंथात. चित्रकाराने दोन्हींची खुशाल मोट बांधली. त्याला फरक कळत नसेल, असं मला वाटत नाही. पण गांडुळासारखं वेटोळं घालणारं पात्र आयतं हाती आल्यावर मोह कोणाला आवरतो? सगळं चित्रच त्याने वेटोळ्यात बसवलं आहे.

डार्विन चिडत असतील, असं वाटेल. तसं नव्हतं, अशी चित्रं ते जपून ठेवत. १८७१ मध्ये ‘हॉर्नेट’ या पत्राने त्यांचं डोकं ओरांगउटानच्या धडावर बसवलं होतं. एका पाहुण्याशी बोलताना त्यांनीच या चित्राची आठवण काढली. म्हणाले, डोकं झकास जमलंय. पण माकड बिघडवलं, छाती फार रुंद झाली, अशी ती असूच शकत नाही.