कूपरची भक्तिगीतं आणि नैराश्य

विल्यम कूपर हा अठराव्या शतकातला इंग्रज कवी. 1763 साली नैराश्याने त्याला इतकं घेरलं, की जगणंच नकोसं झालं. सेंट ऑल्बन्सला डॉ. नॅथॅनिएल कॉटन यांच्याकडे उपचार घेताना त्याने बायबल उघडलं. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं क्षमेचं आश्वासन वाचून त्याला उभारी आली. पुढे ओल्नी गावात धर्मगुरू जॉन न्यूटन यांच्यासोबत त्याने भक्तिगीतं रचली. त्यांचा संग्रह 1779 मध्ये निघाला.

त्याआधीच, 1773 मध्ये आजार उलटला होता. देवाने आपल्याला टाकलं, असं कूपरला वाटू लागलं आणि ते मनातून कधी पुरतं गेलं नाही. म्हणून त्याची श्रद्धा कमी पडली, असं मी कदापि म्हणणार नाही. आजार तो आजारच. न्यूटन आणि कूपरची जिवलग स्नेही मेरी अन्विन यांनी त्याला एकटं सोडलं नाही. ख्रिस्ती आशेचं सर्वांत खरं रूप मला इथे दिसतं: खचलेल्याला प्रार्थनेचं बळ उरलं नाही, तर ती इतरांनी करावी, सोबत बसावं.

मन खचलं असेल, तर प्रार्थना जरूर करा आणि डॉक्टरांनाही भेटा. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.