शोधनिबंधांची सूची आणि नगावरची मजुरी

बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत 2002 ते 2005 या काळात प्रसूतीविषयी एक मोठी चाचणी झाली. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह ती पार पाडली. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने माता दगावते, आणि तो थांबविणारे नेहमीचे इंजेक्शन घरातल्या किंवा उपकेंद्रातल्या बाळंतपणात हाताशी असतेच असे नाही. म्हणून 1,620 स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आणि उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या निरौषध गोळ्या देण्यात आल्या. गोळ्या देणाऱ्या होत्या गावोगावच्या परिचारिका-सुइणी. रक्तस्रावाचे प्रमाण शेकडा 12 वरून 6.4 वर आले. हा वृत्तांत 2006 साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलला आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले.

निबंध छापून आला म्हणजे तो गरजवंताच्या हाती पडला, असे मात्र होत नाही. आफ्रिकेतल्या एखाद्या जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरला तो हवा असेल, तर तो कोणत्या शब्दाखाली शोधावा? औषधाच्या, रक्तस्रावाच्या, ग्रामीण प्रसूतीच्या, की सुइणीच्या? या प्रत्येक शब्दाखाली निबंधाची नोंद आधीच कोणीतरी करून ठेवलेली असावी लागते. त्या कामाला विषयनिर्देशन म्हणतात. काम मोलाचे, आणि करणारा मात्र कोणाच्याच ध्यानात नसतो.

या विद्येचा मोठा आरंभ जॉन शॉ बिलिंग्ज यांनी केला. अमेरिकन लष्कराच्या वैद्यकीय ग्रंथालयाचे हे प्रमुख 1879 साली 'इंडेक्स मेडिकस' ही सूची काढू लागले. पुढे त्याच ग्रंथालयाचे राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय झाले. 1960 साली 'मेश' ही ठराविक विषयशीर्षकांची यादी निघाली आणि 1964 पासून सूची संगणकावर चढली. छापील सूची 2004 साली बंद पडली. 'पबमेड' या नावाने जी नोंदवही आज कोणालाही विनामूल्य पाहता येते, तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत, आणि दरवर्षी लाखोंनी भर पडते आहे.

एवढे काम ग्रंथालयाच्या नोकरवर्गाकडून होणे शक्यच नव्हते. परदेशांतील केंद्रांनी काही नियतकालिकांचे निर्देशन करून द्यावे आणि मोबदल्यात संगणकाच्या फिती घ्याव्यात, अशी वस्तुविनिमयाची तऱ्हाही काही काळ चालली. त्याखेरीज पुष्कळसे काम कंत्राटाने बाहेर दिले जाई. करणारी माणसे विज्ञानाचे पदवीधर असत. परकी भाषा येत असली तर ते विशेष उपयोगी ठरे. प्रशिक्षण मिळे, आणि प्रारंभीचे काम अनुभवी निर्देशक तपासून देत. एका लेखामागे नऊ-साडेनऊ डॉलर खर्च येतो, असा हिशेब ग्रंथालयाच्याच संशोधकांनी 2013 च्या सुमारास मांडला होता.

नगावर मजुरीचा अर्थ निपाणीकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कंत्राटदाराकडून पाने आणि जर्दा घ्यावयाचा, घरी बसून विड्या वळावयाच्या, हजारामागे ठरलेला दाम घ्यावयाचा, आणि तपासणाऱ्याने छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्या मुकाट्याने सोडून द्यावयाच्या, हा क्रम तेथील बायकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा. विडी कामगारांचा जो कायदा 1966 साली झाला, त्याला कच्च्या मालाच्या आणि छाटीच्या तंट्यांची दखल घ्यावी लागली, यातच सर्व काही आले. परंतु विडी वाईट वळली गेली तर ती डोळ्यांना दिसते. निबंधाला चुकीचे शीर्षक मिळाले तर काहीच दिसत नाही. निबंध सूचीत असतो, पण शोधणाऱ्याला सापडत नाही. आणि जे सापडले नाही त्याची तक्रार तरी कोण करणार?

बरे, चांगल्या निर्देशकांचेही एकमत होत नाही. 1983 साली 760 लेखांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. हे लेख नजरचुकीने दोनदा निर्देशित झालेले होते, त्यामुळे तुलनेची आयतीच सोय झाली. स्त्री, पुरुष, वयोगट अशा सरळ खुणांच्या बाबतीत शेकडा 75 च्या आसपास मेळ बसला. मुख्य शीर्षक आणि त्याचे उपशीर्षक जुळते का हे पाहिले, तेव्हा मेळ शेकडा 34 वर उतरला. हे सुशिक्षित, कसलेल्या माणसांचे काम होते. म्हणजे दोष कंत्राटाचा नव्हे, कामच विवेकाचे आहे. कंत्राट वाईट ठरते ते दाम नगावर आणि तपासणी नावापुरती असते तेव्हा. अशा स्थितीत माणूस शीर्षक आणि सारांश वाचून लेख हातावेगळा करतो, आणि त्याला फारसे बोलही लावता येत नाहीत.

आता तर हा वाद बराचसा जुना झाला आहे. एप्रिल 2022 पासून 'मेडलाइन'चे निर्देशन यंत्र करते. निवडक नोंदी माणसे पाहतात. यंत्र थकत नाही, दाम मागत नाही, आणि पूर्वी कित्येक आठवडे खोळंबणारा लेख दुसऱ्या दिवशी सूचीत येतो. हा लाभ थोडा नव्हे. मात्र ते यंत्र प्रामुख्याने निबंधाचे शीर्षक आणि सारांश यांवर चालते. माणूस संपूर्ण निबंध चाळीत असे. बेळगावच्या चाचणीसारख्या एखाद्या निबंधात परिचारिका-सुइणींचा वाटा केवळ आतल्या पानांवर आला असेल, तर यंत्राला त्याचा पत्ता लागणे कठीण. दूरच्या आरोग्य अधिकाऱ्याला तर नेमकी तीच गोष्ट हवी असते: गोळी द्यावयाला डॉक्टर लागतो की नाही?

निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुळीत उभी राहणारी स्त्रीही याच नोंदवहीवर अवलंबून आहे, जरी तिला या ग्रंथालयाचे नावही ठाऊक नसले. तिच्या खोकल्याविषयीचा निबंध तंबाखूखाली नोंदवावा, धुळीखाली, की व्यवसायजन्य रोगांखाली? विडी हा एकच शब्द इंग्रजी निबंधांत 'बिडी', 'बीडी', 'बिरी' अशा निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिला जातो. जाणत्या निर्देशकाचे काम हेच, की ही सारी रूपे एका छत्राखाली आणावयाची. आणि त्यासाठी विडी म्हणजे काय हे त्याला ठाऊक असावे लागते.

गावाच्या नावाची गत आणखी निराळी. 'मेश'च्या यादीत भारत आहे, बेळगाव नाही. तेव्हा जिल्ह्याचा शोध निबंधाच्या स्वतःच्या शब्दांवरच घ्यावा लागतो. 2006 चा तो निबंध इंग्रजीत 'बेलगाम' लिहितो. 1 नोव्हेंबर 2014 रोजी शहराचे अधिकृत नाव बदलल्यानंतरचे निबंध 'बेळगावी' लिहितात. एकच नाव घालून शोधणाऱ्याला या जिल्ह्यातील बायकांची निम्मीच हकीगत हाती लागते, आणि उरलेली निम्मी त्याच नोंदवहीत, दोन-चार अक्षरांच्या अंतरावर, पडून राहते.