रकान्याचे नाव आणि पाण्याचा हिशेब

(ओझर, जि. नाशिक येथे पाणी वापर संस्थांचे सचिव, पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाण्याचा हिशेब कसा ठेवावा, हे ओझरकरांना सांगण्याचे धाडस मी करणार नाही. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाकडील या गावाने समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९०-९१ च्या सुमारास महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या पाणी वापर संस्था उभ्या केल्या व पाणी मोजून घेण्यास आरंभ केला. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा राज्याचा अधिनियम आला तो २००५ साली.

मोजून घेतलेले पाणी सभासदांत वाटावयाचे म्हणजे नोंदी आल्याच. या नोंदी संगणकावर गेल्या की एक अडचण हमखास उद्भवते. तिच्याविषयीच मला बोलावयाचे आहे.

संगणकातील तक्ता म्हणजे आपली नोंदवहीच होय. वहीतील रकान्याचे शीर्षक खोडून दुसरे लिहिले, तर वाचणारा समजून घेतो. संगणक समजून घेत नाही. समजा, मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये सभासदांचा तक्ता आहे व त्यात ‘क्षेत्र’ असा रकाना आहे. कोणास वाटले की हे नाव मोघम आहे. सातबाऱ्यावरील एकूण क्षेत्र की लाभक्षेत्रात येणारे तेवढेच? शंका अगदी रास्त. त्याने रकान्यास ‘लाभक्षेत्र’ असे नाव दिले. आकडे जसेच्या तसे राहिले. पुढल्या आवर्तनाच्या वेळी पाणीवाटपाची यादी काढू लागताच मात्र पडद्यावर एक चौकट येते आणि ‘क्षेत्र’ याचे मूल्य विचारते.

खरा धोका येथे आहे. यंत्र विचारते म्हणून काही तरी भरावे, असा मोह होतो. बाहेर सभासद खोळंबलेले असतात. सचिव घाईने ‘१’ भरतो आणि यादी निमूटपणे छापून निघते. त्या यादीत अर्ध्या हेक्टरच्या धन्यालाही १ आणि चार हेक्टरच्या धन्यालाही १! यादी निघालीच नसती तर बरे झाले असते, कारण नीटनेटका छापलेला कागद सहसा कोणी तपासत नाही आणि पाणी त्याच कागदाप्रमाणे सुटते. तेव्हा चौकट दिसताच ती रद्द करावी, भरू नये.

चौकटीतील नाव हाच दोषाचा माग आहे. तक्त्यातून हवी तेवढी माहिती निवडणाऱ्या मागणीस ‘क्वेरी’ म्हणतात. तिला जे नाव तक्त्यात सापडत नाही, ते वापरणारा स्वतः पुरवील असे यंत्र गृहीत धरते. म्हणून प्रथम क्वेरी एकटीच चालवून पाहावी. चौकट आली तर जुने नाव तिच्यातच दडलेले आहे. ती सुरळीत चालली तर अहवालाचा आराखडा उघडावा. छापावयाच्या जागा सर्वजण पाहतात; क्रमवारी व गटवारीची खिडकी, गाळणीची अट आणि तळाच्या बेरजेचे सूत्र यांकडे मात्र दुर्लक्ष होते. ॲक्सेसमध्ये नावे आपोआप दुरुस्त करण्याची सोय आहे, तथापि मॅक्रो व आज्ञावलीपर्यंत तिचा हात पोहोचत नाही. तिच्यावर विसंबून राहू नये, असे माझे मत आहे.

मुळात केवळ वाचणाऱ्याच्या सोयीसाठी नाव बदलावयाचे असेल, तर ते बदलूच नये. रकान्याचे अंतर्गत नाव तेच ठेवून त्याचा दर्शनी मथळा बदलता येतो. नाव बदलून झालेच असेल, तर क्वेरीत ‘क्षेत्र: [लाभक्षेत्र]’ असे लिहावे, जुने अहवाल पूर्ववत चालू लागतात.

परंतु रकान्याचा अर्थच बदलला असेल, तर ही युक्ती घातक ठरेल. आजवर त्यात सातबाऱ्याचे एकूण क्षेत्र भरले गेले असेल, तर नाव बदलल्याने ते लाभक्षेत्र होत नाही. उलट मागील सर्व नोंदी खोट्या ठरतात आणि हक्काचे पाणी चुकीच्या मापाने वाटले जाते. अशा वेळी जुना रकाना तसाच ठेवून नवा उघडावा आणि सभासदागणिक पडताळून भरावा. काम कंटाळवाणे आहे खरे. पंचायतीच्या करनोंदी आणि शाळेच्या पटनोंदी यांनाही हे तंतोतंत लागू आहे.

बदलापूर्वी फायलीची प्रत काढून ठेवावी व मागील आवर्तनाची यादी छापावी. बदलानंतर तीच यादी पुन्हा छापून दोन्ही बेरजा जुळवाव्यात, आणि एक लहान व एक मोठा असे दोन खातेदार निवडून त्यांचा हिशेब हाताने करून पाहावा. यास अर्धा तास पुरतो, आणि तो आवर्तन सुटण्यापूर्वीच काढावा लागतो.