पायाचे हाड जबड्यात



आपल्या परभणी जिल्ह्यात चंची अनेकांच्या कमरेला असते. तंबाखू मळायची, चिमूट गालात धरायची आणि कामाला लागायचे. वर्षानुवर्षे असे केले की काहींच्या तोंडात कॅन्सर होतो. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर दवाखाना गाठावा. रोग लवकर सापडला तर जबडा वाचू शकतो. तो हाडात शिरला, तर जबड्याचा तेवढा तुकडा काढावाच लागतो. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथे अशी ऑपरेशने होतात.

मग भाकरी चावायची कशाने?

आपल्या गुडघ्याखाली दोन हाडे असतात. नडगीचे जाड हाड भार पेलते. बाहेरच्या अंगाला दुसरे बारीक हाड असते. त्याचा मधला भाग काढला तरी माणूस चालतो. डॉक्टर तो तुकडा रक्ताच्या नळ्यांसकट काढतात, कापून जबड्याच्या आकारात बसवतात, पट्टी आणि स्क्रूने आवळतात. नळ्या मानेतल्या नळ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली शिवतात. आंब्याचे कलम बांधावे तसेच हे, बरं का! रस चढला तर कलम जगते. इथे रक्त खेळले तर हाड जगते.

पण जुने आणि नवे हाड एकजीव व्हायला महिने लागतात. कधी सांधा धरतच नाही. हे आधी कळावे कसे? इथे कॉम्प्युटर मदतीला येतो.

हाडावर जसा भार पडतो तसे ते घडते, असे जर्मनीतल्या युलियस वोल्फ या डॉक्टरांनी १८९२ साली मांडले. भार पडला की हाड भरते, भार नसला की झिजते. स्कॅनचे फोटो कॉम्प्युटरमध्ये घातले की पडद्यावर जबडा उभा राहतो. त्याचे हजारो बारीक भाग पाडून, घास चावताना कुठे किती ताण येईल, याचा हिशेब यंत्र करते. हाडांची तोंडे नीट टेकलेली आणि ताण बेताचा, तर सांधा धरेल. फट मोठी राहिली किंवा सांधा हलत राहिला, तर अवघड. पडद्यावर पन्नास वेळा कापून पाहता येते; माणसाचे हाड एकदाच कापायचे असते.

ऑपरेशनची अशी आखणी काही मोठ्या रुग्णालयांत होऊ लागली आहे. हाड कसे भरेल याचे गणित मात्र अजून संशोधनातच आहे. विजेच्या किरणांचा उपचार घेतला, किंवा माणूस बिडी ओढत राहिला, तर हाड भरायला वेळ लागतो. तेही हिशेबात धरावे लागते. म्हणून काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढतात, आणि यंत्राने सांगितले तसे हाड खरेच भरले का, हे ताडून पाहतात.