दगडाची बैठक



निडीच्या आमच्या घरीं ओसरीवर एक काळा दगड मांडलेला आहे. रोह्याजवळ कुंडलिकेच्या पात्रांत तो मला सांपडला. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा हा तुकडा. पण तळ ओबडधोबड, म्हणून उभा राहीना. असाच एक दगड पूर्वीं मिळाला होता. त्याचा तळ सपाट करावा म्हणून मीं छिन्नी चालविली, तों तो दुभंगला. तेव्हां उमगलें कीं, बदलावयाचें तें लांकडानें, दगडानें नव्हे.

देवघरांत बाणाला शाळुंका असते, तशीच ही बैठक. जपानांत तिला 'दाइझा' म्हणतात. जुन्या सागाच्या ठोकळ्यावर दगड हवा तसा धरून पेन्सिलीनें कडा आंखावी व आंतील लांकूड पटाशीनें थोडें थोडें कोरावें. मग दगडाच्या तळाला खडू फांसून तो खांचेंत हलकेंच दाबावा आणि उचलावा. पांढरा डाग उमटेल तेथेंच लांकूड अडतें, तेवढेंच तासावें. डाग सर्वत्र सारखे उमटेपर्यंत हें पुनःपुन्हा करावें. कोंकणच्या पावसाळ्यांत लांकूड फुगतें, म्हणून कडेला कागदाएवढी फट ठेवावी. शेवटीं जवसाचें तेल चोळावें.

हाच खडू हातीं धरून मीं तीस वर्षें शिकविलें, आणि मुलांना एकाच सांच्यांत बसविण्याची घाईहि केली. हें काम तेव्हांच शिकलों असतों, तर कित्येकांचें बरें झालें असतें.