एका अक्षराचा हिशेब
(वार्षिक सभेतील मनोगत)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर; आयुष्य खतावण्या ताडून पाहण्यात गेले. जनुकीय संकेत ही डॉक्टरांची विद्या. परंतु ती समजून घेताना आम्हांला हिशेबाच्या वहीचीच आठवण झाली.

या लिपीत ए, टी, जी, सी अशी चारच अक्षरे. तीन अक्षरांचा एक शब्द, असे एकूण ६४ शब्द. त्यांपैकी ६१ शब्द वीस अमिनो आम्लांचे निर्देश करतात, उरलेले तीन म्हणजे पूर्णविराम. ही लिपी उलगडण्याच्या कार्याबद्दल डॉ. हरगोविंद खुराना यांना १९६८ साली अन्य दोन शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या नाशिकच्या द्राक्षवेलीत आणि आपल्या देहात हीच लिपी नांदते.

वहीत एक आकडा चुकला तर ताळेबंद जुळत नाही. येथेही तसेच. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात ‘जीएजी’च्या जागी ‘जीटीजी’ झाले की ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. अशा जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. हाच सिकलसेल आजार. आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी भागालाही तो अपरिचित नाही.

अशा वेळी घरोघरी आईलाच दोष दिला जातो. जनुकीय संकेत मात्र निःपक्षपाती साक्ष देतो : सदोष प्रत आई आणि वडील या दोघांकडूनही आलेली असते. ज्याच्याकडे एकच सदोष प्रत आहे तो वाहक होय. तो रुग्ण नव्हे. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणी मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक असते. हा कोणाचा शाप नव्हे, पूर्वजन्मीचे पापही नव्हे.

म्हणूनच विवाहापूर्वी साधी रक्ततपासणी आणि समुपदेशन यांचे मोल मोठे आहे. २०२३ साली केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. २०४७ हे त्याचे लक्ष्यवर्ष आहे. परंतु तपासणीचा अहवाल कुटुंबाला धीराने, त्याच्या बोलीत समजावून सांगणारे माणूस शासकीय आदेशाने निर्माण होत नाही. ते आपणांसारख्यांच्या आधाराने उभे राहते.

पूर्वजांनी लिहिलेले अक्षर आपण निवडलेले नाही. ते वेळीच वाचणे मात्र आपल्या हाती आहे. या कार्यात आपली साथ अशीच राहो, ही नम्र विनंती.